पाकिटावर छापलेला आकडा

आज सकाळी जळगावात एका औषधाच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढे धोतर-टोपीतले एक बाबा होते. दुकानदाराने चिठ्ठी पाहून रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट काढले आणि छापील ११८ रुपये मागितले. बाबांनी ते दोनदा मोजून दिले. पाच मिनिटांनी त्याच कंपनीचे तेच पाकीट मला ४० रुपयांना मिळाले, कारण मी ओळखीचा आहे आणि भाव विचारण्याची मला सवय आहे. तोवर बाबा निघून गेले होते. मी त्यांच्यामागे धावलो नाही, याची खंत दिवसभर जात नाही.

त्यांना पाहून मला माझी फुई, म्हणजे आत्या, आठवली. ती अमळनेर तालुक्यात एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात ती ओट्यावर चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखान्यात तिने हळूच सांगितले, "भाऊ, मी एक दिन आड गोळी लेस." कापूस विकून पैसा हाती येईपर्यंत तिला ते पाकीट पुरवायचे होते. तेव्हापासून तिच्या गोळ्या मीच पोहोचवतो.

४० रुपयांत विकूनही दुकानदाराला परवडते, तर मग ११८ हा आकडा कोणी आणि कोणासाठी छापला? दुकानदारावर माझा राग आहेच, पण तो आकडा छापणाऱ्या कंपनीवर अधिक आहे, कारण विचारणाऱ्याला सवलत आणि न विचारणाऱ्याकडून पूर्ण वसुली, ही सोय तिनेच करून ठेवली आहे. रावेर-यावलचा शेतकरी केळीचे घड कापतो आणि भाव मात्र व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकतो. इथे माल बनवणाराच आपला भाव छापतो, आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीबाहेरच्या बहुतेक औषधांवर तो दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभाही त्याला आहे. यादीतल्या औषधांचीही कमाल किंमत केंद्र सरकारच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशापासून उत्पादनखर्चावरून ठरत नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवले जातात. म्हणजे ज्यांना आवर घालायचा, त्यांचेच भाव आवर घालण्याचे माप झाले.

नव्या औषधाच्या संशोधनाला पैसा लागतो, हे मान्य. पण १९५७ पासून वापरात असलेल्या मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या गोळीवर आज कोणते संशोधन फेडायचे राहिले आहे? आणि नव्या औषधांचेही काय घडते, ते २०१२ मध्ये आपण पाहिले. कर्करोगावरील सोराफेनिब बनवण्याचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारक कंपनीच्या संमतीशिवाय दिलेला परवाना, एका देशी कंपनीला मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८ हजार ८८० रुपयांवर आला. तोट्यात विकायला तर कोणी बसत नाही. मधल्या त्या रकमेसाठी किती घरांनी शेत विकले असेल, या विचाराने माझा हात थरथरतो.

जनऔषधी केंद्रे २००८ पासून आहेत आणि तिथे औषध खरोखर स्वस्त मिळते, हेही खरे. फुईच्या गावात मात्र ते नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. गोळ्या आहेत का, असे विचारल्यावर "शे, भाऊ" म्हणाली. मी मोजायला सांगितले. तीस गोळ्या देऊन वीस दिवस झाले आहेत. दहा उरायला हव्या होत्या. तिने सावकाश मोजून सतरा सांगितल्या.