बाळ वाचायला लागलंय? वेळीच आवरा!

दीड-दोन वर्षांचं मूल पुस्तक दिसलं की फाडायला धावतं. हीच संधी. पुस्तक काढून माळ्यावर टाका आणि हातात मोबाइल द्या. तो फाटत नाही. शिवाय त्याच्याशिवाय वरणभाताचा घास आत जात नाही, हे अख्ख्या कोथरूडला ठाऊक आहे.

काही मुलं तरीही चिवट निघतात. रात्री "गोष्ट वाच ना" म्हणून मागे लागतात. इथे कच खाऊ नका. तुम्ही मांडीवर घेऊन, ओळीवर बोट फिरवत वाचलंत, तर त्या काना-मात्रांमध्येच गोष्ट दडलेली आहे हे पोराला कळतं आणि मग ते काही केल्या विसरत नाही. गोष्ट यूट्यूबवर लावा, तुम्ही रील बघा.

घरात बोलताना "बाळा, रेडवाला बॉल कॅच कर" एवढंच मराठी ठेवा. पुढे धड्यात 'तांबडं फुटलं' आलं की मूल अक्षरं लावेल, पण काय फुटलं ते त्याला कळणार नाही. आजी 'सदुसष्ट' वगैरे म्हणत असेल तर तिला सीरियल लावून द्या.

शाळेची चिंता नको. वाचनाचा तास गणिताने खाल्लेला असतो. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली बाईंकडे असते आणि बाई निवडणुकीच्या कामावर.

कुणी आकडे तोंडावर फेकलेच, तर डगमगू नका. मुलांना वाचता येतं का हे बघणाऱ्या 'असर' पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2018 साली 27.3 टक्के होती. मध्ये शाळा बंद राहिल्या आणि 2022 साली ती 20.5 टक्क्यांवर आली. 2024 साली 27.1. सहा वर्षं चालून आपण निघालो तिथेच. पण ही पाहणी ग्रामीण भारताची! आपल्या सोसायटीत कुणी पाहणीला आलं तरी वॉचमन आत सोडणार नाही.

एक धोका मात्र आपल्या पुण्यातच आहे. सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती 1971 पासून मुलांसाठी 'किशोर' मासिक काढते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. ही बातमी मुलापर्यंत पोचता कामा नये. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात नेलंत तरी गाइड घेऊन सरळ घरी या.

फळ नक्की मिळतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजोबांच्या दारावर पाटी होती: 'दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये. वाजवल्यास दार नाही, तोंड उघडले जाईल.' परवा अडीच वाजता पाचवीतल्या एका चिरंजीवांनी त्याच पाटीसमोर उभं राहून बेल वाजवली. आजोबांनी शब्द पाळला. सगळं ऐकून घेतल्यावर पोराने पाटीकडे बघत शांतपणे विचारलं, "आजोबा, यात काय लिहिलंय?"

आता तिथे घंटेचं चित्र आहे, त्यावर लाल फुली. झोपमोड थांबली, पण चित्रातून अपमान करता येत नाही, याचं आजोबांना फार वाईट वाटतं.