भोपळ्याला नोटीस

पुण्यात माझा थोरला भाऊ ज्या सोसायटीत राहतो, तिच्या कार्यकारिणीने ऑक्टोबरअखेरीस लिफ्टशेजारी एक नोटीस लावली. हॅलोविनच्या नावाखाली मुलांनी भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघरी चॉकलेटे मागत फिरू नये, ही आपली संस्कृती नव्हे आणि ऐन सणासुदीत इमारतीत नकारात्मक ऊर्जा नको, असा तिचा आशय होता. दादाने त्या नोटिशीचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिले की निदान इथे तरी कुणीतरी ठाम भूमिका घेत आहे. माझी मुलगी दर वर्षी इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये आमच्या रस्त्यावर चेटकीण होऊन फिरते, हे गटात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे टोला कुणाला होता हे वेगळे सांगायला नको.

भुतांचे एवढे वावडे असलेली ही संस्कृती नेमकी कोणाची, हे मला अजून कळलेले नाही. दादा रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला नावच वेताळाचे आहे. भाद्रपदाचा अख्खा पंधरवडा आपण पितरांना जेवू घालतो आणि कावळा पानाला शिवेपर्यंत जिवंत माणसांना ताटकळत ठेवतो. कोकणात शिमग्याला सोंगे घेऊन दारोदार पोस्त मागण्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही, आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचे अक्राळविक्राळ नरकासूर उभे करण्यासाठी पोरे आधीपासून पैसे गोळा करत हिंडतात. शिवाय ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोविन, ही ज्या दिवसांची पूर्वसंध्या आहे, त्यातला २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस वसईतले मराठी ख्रिस्ती लोक थडग्यांवर फुले वाहून आणि मेणबत्त्या लावून पाळतात. त्यांना कार्यकारिणी परके म्हणणार आहे काय?

गंमत म्हणजे इथल्या लोकांनाही हा सण परकाच वाटतो. हे सगळे अमेरिकन थेर आहेत, सुपरमार्केटवाल्यांनी ते आमच्या गळ्यात मारले आहेत, अशी कुरकुर हाफ टर्मच्या, म्हणजे शाळांच्या ऑक्टोबरातल्या सुट्टीच्या, सुमारास हमखास ऐकू येते. आमच्या शेजारीणबाई मूळच्या ग्लासगोच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना हे म्हणणे मुळीच मान्य नाही. त्यांच्या लहानपणी भोपळा नव्हता, सलगम होते, आणि ते इतके टणक असायचे की कोरता कोरता चमचे वाकायचे. दारात जाऊन नुसता हात पसरायचा नाही, आधी गाणे, कविता किंवा निदान एखादा विनोद सादर करायचा आणि मगच शेंगदाणे किंवा सफरचंद मिळायचे. हे सांगताना त्यांनी मला स्कॉटिश कवी बर्न्सच्या ‘हॅलोविन’ या कवितेतल्या ओळीही म्हणून दाखवल्या, ज्या मला फारशा समजल्या नाहीत. पण कविता १७८५ सालची आहे, म्हणजे अमेरिकेवर ढकलण्याइतकी ही रात्र नवी नाही, एवढे समजले. आयरिश आणि स्कॉटिश लोकांनी ती तिकडे नेली आणि ती भोपळा घेऊन परत आली, इतकेच.

इंग्लंडमध्ये मात्र खरा सल ५ नोव्हेंबरचा आहे. गाय फॉक्सचा पुतळा हातगाडीवर घालून रस्त्यात पैसे मागणारी मुले आता जवळजवळ दिसत नाहीत आणि त्याचे खापर हॅलोविनवर फुटते. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांचा पार्लमेंट उडवण्याचा कट फसल्यावर त्या दिवशी ईश्वराचे आभार मानण्याची सक्ती करणारा कायदा झाला, तो १८५९ पर्यंत टिकला. ज्या संस्कृतीच्या नावाने आज गळे काढले जातात, तीही एके काळी नोटीस लावूनच रुजवलेली होती. दादाला मी हे लिहिले. त्याने अंगठा दाखवला.

मला या सणात आवडते ती त्याची शिस्त. दाराबाहेर पेटता भोपळा असेल तरच बेल वाजवायची. नसेल तर मुकाट्याने पुढे जायचे. हा नियम कुणी लिहिलेला नाही, तरी चार वर्षांचे पोरही तो पाळते, आणि सोबतचे आईवडील फाटकापाशी थांबून राहतात. वर्गणीची पावती आधी फाडून मग रक्कम सांगणारी मंडळाची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले सौजन्य सांगावे लागू नये. (अंडी फेकणारी टोळकी इथेही असतात, पण तो आजचा विषय नव्हे.)

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पहाटे उटणे लावून मुलीला न्हाऊ घातले, आणि पाच वाजायच्या आत अंधार पडल्यावर त्याच तोंडाला हिरवा रंग फासला. भोपळ्याच्या गराचे मी घारगे केले. इथला हा भोपळा पाणचट असतो, त्यामुळे गूळ जास्त लागतो आणि कणीक तर मावेल तितकी घालावी लागते, तरी ते बऱ्यापैकी फुगले. दारात आलेल्यांना दिल्या मात्र हरिबोच्या जेलीच्या गोळ्याच, आणि एका आईने त्यात जिलेटिन आहे का हे विचारल्यावर आतून दुसरे पाकीट आणून दिले.

दिवाळीचा फराळ घेऊन आम्हीही शेजाऱ्यांकडे जातो. ते मनापासून आभार मानतात, चकलीकडे कुतूहलाने पाहतात, आणि मी दाराबाहेर उभी राहून राम, नरकासुर, लक्ष्मी यांची जमेल तशी संगती लावत राहते. ख्रिसमसला सगळा रस्ता आपापल्या घरात असतो. ज्यांना माझे आडनावही उच्चारता येत नाही अशा लोकांची मुले वर्षातून एका संध्याकाळी माझे दार वाजवतात, आणि त्या संध्याकाळी मला कुणालाही काहीच समजावून सांगावे लागत नाही.

दादाने शेवटी विचारले की सोसायटीचा मेंटेनन्स तू भरतेस का. प्रश्न वाजवी आहे. ज्या इमारतीत मला मत नाही तिच्या नोटिशीवर मी पानभर लिहिते, आणि इथे ऑफिसात कुणी हॅलोविनला अमेरिकन कचरा म्हटले की चहाचा कप हातात धरून नुसती मान डोलावते, कारण इंग्रजांचे सण कोणते हे इंग्रजांना सांगण्याचा अधिकार मला आहे असे इतक्या वर्षांनंतरही वाटत नाही. पुण्यात तो आहे असे मी गृहीत धरते, आणि दादाला नेमके तेच खटकते.

तरीही नोटिशीबद्दलचे माझे मत बदललेले नाही. कार्यकारिणीला काही लावायचेच असेल तर असे लावावे: ज्यांना मुले आलेली चालतील त्यांनी त्या संध्याकाळी दारात एक पणती ठेवावी, बाकीच्यांची बेल कुणी वाजवू नये.