‘आंबलेली बिअर गळ्यात मारली’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. शनिवारी परदेशी बिअर चाखायला आलात आणि तुमची संध्याकाळ वाया गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बावीस माणसांना दोनच पोरं वाढत होती, चाखणा उशिरा आला. ही चूक आमची.

पण "आंबलेली, गरम बिअर गळ्यात मारली आणि १,५०० रुपये घेतले" हे वाक्य काही केल्या पचेना. वडिलांनी शाहूपुरीत ही परमिट रूम सुरू केली त्याला सव्वीस वर्षं झाली. उशिरावरून बोलणी खाल्लीत, पंख्यावरून खाल्लीत. माल खराब दिला असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं.

तुम्ही जिला आंबलेली म्हणता ती पाचव्या ग्लासातली ग्यूझ. ती आंबटच असते, सर. बेल्जियममधल्या ब्रसेल्स आणि आसपासच्या सेन नदीच्या खोऱ्यातली ही बिअर. बाकीच्या बिअरला निवडून वाढवलेलं यीस्ट घालतात, हिला बाहेरून कसलंच यीस्ट घालत नाहीत. गहू आणि जवाच्या माल्टचा उकळलेला रस थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात. हवेतलं आणि लाकडी पिंपातलं जे यीस्ट, जे जंतू, तेच तो आंबवतात. ही झाली लॅम्बिक. मग एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात, तिथं ती पुन्हा आंबते. शॅम्पेनसारखं बूच उडालं ते त्यामुळंच. दह्याला जे लॅक्टिक आम्ल आंबट करतं तेच हिच्यात असतं. आणि तबेल्यासारखा वास म्हणालात, तो ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. ही बिअर ओळखणारी माणसं तो वास शोधतात.

गरम म्हणालात. ती १२ अंशांवर दिली होती, मुद्दाम. बर्फासारखी गार केली की बाकीची चव दबते आणि नुसता आंबटपणा उरतो. तुम्ही बर्फ मागितलात तेव्हा आमचा पोरगा म्हणाला, "सर, यात बर्फ घालत नाहीत." तो तुम्हाला उद्धट वाटला. त्याचा सूर चुकला असेल तर त्याच्या वतीनं मी माफी मागतो, पण सांगत होता ते बरोबर होतं.

हे सगळं मी साडेसातला उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही सव्वाआठनंतर आलात. शनिवारचं ट्रॅफिक मलाही माहीत आहे, त्यासाठी तुमच्या वाटणीचं बाजूला ठेवलं होतं. पण क्रमाला कारण होतं. आधी १८४२ पासून चालत आलेली चेक देशातली पिल्झन, म्हणजे जिभेला ओळखीची चव, मग बव्हेरियातली केळी-लवंगेच्या वासाची गव्हाची बिअर, असं हळूहळू आंबटाकडं जायचं होतं. तुम्ही चारही ग्लास पंधरा मिनिटांत संपवलेत आणि लगेच ग्यूझ तोंडाला लावलीत. मग ती खराब वाटणारच.

हा कार्यक्रम मी फायद्यासाठी करत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रसेल्स आणि जर्मनीतल्या बाम्बेर्गला जायचं माझं तिकीट निघालं होतं. लॉकडाऊन लागला, मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आता दोन दिवससुद्धा गाव सोडता येत नाही. जाता येत नाही तर निदान तिथली चव तरी इथं आणावी, एवढंच मनात होतं. शनिवारी तुमच्या शेजारच्या टेबलावर एक काका होते. मुलगी जर्मनीत, यांच्या व्हिसाचं काही जमत नाही. बाम्बेर्गच्या बिअरचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. तिचा वास घेऊन ते म्हणाले, "हा तर आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा वास." बराच वेळ ग्लास तसाच हातात धरून बसले होते. तुम्ही त्याच बिअरला "जळका वास" लिहिलंय.

पैशाचं सांगतो. पाच बिअर, प्रत्येकी १२० मिली, सगळ्या आयात केलेल्या. त्यावर कर, वर मुंबईहून इथवरचा खर्च. खरेदीची बिलं काउंटरला ठेवली आहेत, कधीही येऊन बघा. बाटल्यांवरच्या तारखाही बघा.

पुढच्या वेळी टेबलावर माहितीचा कागद ठेवू, वाढायला माणसं वाढवू, वेळेचंही काहीतरी बघू. चाखण्याचे पैसे तुम्हाला परत देतो. बिअरचे देणार नाही, कारण बिअर चांगली होती. तुमच्या अभिप्रायानंतर पुढच्या शनिवारची दोन बुकिंग रद्द झाली. तारे एक द्या, दोन द्या, पण "आंबलेली" हा शब्द तेवढा बदलाल का? ग्यूझची एक बाटली शिल्लक आहे. दुपारी गर्दी नसताना या, तुमच्यासमोर उघडतो. तिचे पैसे घेणार नाही.