आधी पत्ते टाकायला शिकवा, पैज नंतर

आज भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. "मावशी, बघ ना, हा किती सोपं करून सांगतोय!" सांगणारा माणूस छातीठोकपणे म्हणतो की खरे पैसे लावल्याशिवाय पोकर कळतच नाही, घाबरतो तो कायम नवखाच राहतो, तेव्हा आजच पैसे भरा आणि बसा. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग.

डोकं फिरलं माझं.

पोकर मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते, म्हणजे "पत्ते वाईटच" म्हणणाऱ्यांत मला कोणी ढकलू नये. मला तो मामाने शिकवला, शर्टाच्या बटणांवर. पैशाचं नावसुद्धा नाही. सुरुवातीला तर सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळायचो. कोण पुढे आहे, का आहे, पुढचा कुठला पत्ता आला तर चित्र पालटेल, हे ज्याने त्याने मोठ्याने बोलायचं. पत्ते झाकून खेळायची परवानगी मामाने बऱ्याच उशिरा दिली.

त्यातला एक डाव मी कधी विसरणार नाही. माझ्या हातात बदामाची राणी आणि सत्ती. टेबलावर सगळ्यांसाठीच्या पाचपैकी चार पत्ते उघडलेले, त्यात दोन बदामाचे. अजून एक बदाम आला की फ्लश, म्हणजे एकाच जातीचे पाच पत्ते. मधल्या पॉटमध्ये, म्हणजे पैजेच्या ढिगात, साठ बटणं, आणि मामाने आणखी साठ पुढे सरकवली. माझा हात आपोआप बटणांकडे गेला. मामा म्हणाला, "आधी मोज." तेरा बदाम, चार दिसले, उरले नऊ. न दिसलेले पत्ते ४६. म्हणजे पाचात एकदा जेमतेम. आणि १२० मिळवायला ६० घालायचे, म्हणजे निदान तीनात एकदा तरी जिंकायला हवं. हिशोब बसेना. मी पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. मामाने शेवटचा पत्ता उलटला, तर बदामच! मी तर किंचाळलेच. मामा शांतपणे म्हणाला, "आला ना? तरी तू टाकलेस तेच बरोबर."

त्या व्हिडिओवाल्याला हे वाक्य दहा जन्मांत सुचणार नाही. त्याच्या लेखी जिंकला तो शहाणा, हरला तो भित्रा.

नवख्याला पहिली गोष्ट सांगायची ती ही की बहुतेक डाव तुम्हाला सोडायचेच आहेत. होल्डेममध्ये, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांचे पाच पत्ते असतात त्या प्रकारात, एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हातात येते. जोडी नसलेले दोन पत्ते घेऊन बसलात, तर फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, तीनपैकी दोन वेळा तुमची साधी जोडीही लागत नाही. आणि एक्क्यांची जोडी असली तरी समोरच्या कुठल्याही दोन पत्त्यांपुढे ती शंभरात पंधराएक वेळा मार खाते. हे आधी कळलेलं असलं तर एक्के हरल्यावर माणूस सैरभैर होत नाही. ज्याला हे माहीत नाही, तो चिडतो, गेलेले पैसे परत मिळवायला दुप्पट लावतो. टेबलावरचे लोक याला टिल्ट म्हणतात आणि असा माणूस येण्याची वाटच बघत असतात.

बरं, मान्य, पोकरमध्ये कौशल्य आहे. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर अव्वल व्यावसायिकांना हरवलं, निव्वळ नशिबाचा खेळ असता तर हे झालं नसतं. पण कौशल्य आहे म्हणजे ते तुमच्याकडे आजच आहे का? मग लगेच ख्रिस मनीमेकरचं उदाहरण तोंडावर फेकतात. २००३ साली अकाउंटंट असलेल्या या माणसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. खरं आहे ते. पण त्या स्पर्धेत ८३९ जण उतरले होते आणि एका जागेची किंमत होती १०,००० डॉलर. बक्षीस आलं कुठून, हे कोणी सांगतं का? बाकीच्यांच्याच खिशातून. आणि रोजच्या टेबलावर तर चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला रेक, म्हणजे कमिशन, कापून घेतो, म्हणजे सगळे खेळाडू मिळून जेवढं घेऊन आले त्यापेक्षा कमीच घेऊन उठतात. "पैसे भरा आणि बसा" सांगणाऱ्याचं पोट या कापण्यावर चालत असेल, तर तो तुम्हाला पत्ते टाकायला का शिकवेल?

मामाचा त्यात काहीच फायदा नव्हता, म्हणून तो "मोज" म्हणू शकला.

कायद्याचं तर त्या व्हिडिओत नावही नाही. पोकरचा कायदा जागोजागी वेगळा असतो. कुठे पैसे लावून खेळणं पूर्ण बंद, कुठे फक्त परवानाधारकांकडेच चालतं, कुठे घरी मित्रांत खेळलेलं चालतं पण यजमानाने कमिशन घेतलं की गुन्हा. वयाची अट कुठे १८, कुठे २१. आपण राहतो तिथला नियम सरकारी माहितीत शोधायचा, परवाना नियामकाच्या यादीत स्वतः तपासायचा, ॲपवर छापलंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर खातं उघडायचा सल्ला देणारे तर महाभाग आहेत. पैसे काढायच्या वेळी खातं गोठवलं की दाद कोणाकडे मागणार? जिथे पैशाने खेळणं बंद आहे तिथे बटणं आहेतच. खेळ तोच, हिशोब तोच.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. भाच्याचं काय चुकलं? त्याला खेळ आवडला, इतकंच. राणी-सत्ती हातात धरून माझेही डोळे असेच चमकले होते. शिकू दे त्याला. पॉट आणि पैज यांचं गणित करू दे, कोण कुठल्या जागेवरून, आधी की नंतर, पैज बोलतो ते बघू दे, ब्लफ, म्हणजे हलक्या पत्त्यांवर मारलेली थाप, पकडला गेल्यावर हसू दे. पुढे कायद्याने मुभा असेल आणि खेळावंसं वाटलं, तर बसायच्या आधीच ठरवायचं: गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढी रक्कम आणि उठायची वेळ. संपली रक्कम की उठायचं. कर्ज काढून नाही, उसने घेऊन नाही, दारू पिऊन नाही. परवानाधारक साइट असेल तर पैसे भरायची मर्यादा पहिल्याच दिवशी लावून ठेवायची, कारण हरल्यावर ती लावायचं भान कोणाला राहत नाही. आणि खेळ लपवून खेळावासा वाटू लागला, तर तिथेच थांबून घरात कोणाशी तरी बोलायचं.

ज्यांनी तो व्हिडिओ आपापल्या ग्रुपवर टाकलाय, त्यांनी कृपा करून काढा. तुमच्या ग्रुपात पोरं आहेत. आणि कोणाला खरंच शिकायचं असेल तर मला मेसेज करा. भाच्याला मी शनिवारी बसवणार आहे, अजून दोघा-तिघांची जागा आहे. पैसे आणायचे नाहीत, पहिले काही डाव पत्ते उघडेच राहतील.