विसरा राखून ठेवला आहे

सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, गेली सोळा वर्षं. त्यामुळे आजवर मी किमान चाळीस प्रेतांचा पंच झालोय. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. हवालदार फाटकाबाहेर येतो तेव्हा त्याला उजवीकडे चहावाला दिसतो आणि डावीकडे मी. चहावाला म्हणतो दूध उतू जाईल. मग मी जातो.

आता कायदा आम्हाला काय म्हणतो ते ऐका राजेहो. ‘परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी’! पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आलं. नंबर बदलला, मजकूर जवळपास तोच. कुणी आत्महत्या केली, कुणी दुसऱ्याच्या हातून, जनावरामुळे, यंत्रामुळे किंवा अपघातात मेला, किंवा मरणात काही संशय वाटला, तर ठाणेदारानं कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, प्रेताजवळ जायचं आणि आम्हा प्रतिष्ठितांसमोर जखमा, मोडलेली हाडं, वळ बघून मृत्यूचं वरवर दिसणारं कारण लिहायचं. शंका असेल तर प्रेत डॉक्टरकडे पाठवायचं. तेही कधी? तर हवामान आणि अंतर बघता रस्त्यात प्रेत सडून तपासणी वाया जाण्याची भीती नसेल तेव्हा. हे बैलगाडीच्या जमान्यातलं वाक्य आहे, आणि नव्या कोऱ्या संहितेतही ते जसंच्या तसं आहे. नवीन म्हणाल तर अहवाल चोवीस तासांत वर पाठवायचा, एवढं घातलंय.

आमच्याकडे या नोंदीला मर्ग म्हणतात, तिकडे पुण्या-मुंबईकडे एडी. अकस्मात मृत्यू.

तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कपाशीवर फवारणीचे दिवस. दुपारी हवालदार आला, “भाऊ, दोन मिनिटं चाला ना, सही तं करा लागते.” दवाखान्याच्या मागे कडुनिंबाखाली पीएमची, म्हणजे शवविच्छेदनाची, खोली आहे, तिच्या ओट्यावर चाळिशीचा माणूस ठेवलेला. शेतमजूर. शर्ट काढलेला होता. शर्टाच्या खिशातून निघालं ते पेपरवर मांडलं होतं: बिड्यांचं बंडल, काडेपेटी, दहाच्या दोन नोटा. त्याला पालथा केला तेव्हा मला दोन्ही खांद्यांवरून खाली आलेले लालसर पट्टे दिसले आणि कमरेच्या जरा वर हातभर जागा भाजल्यासारखी. ज्यानं पाठीवर पंप घेऊन फवारणी केलीय त्याला हे सांगावं लागत नाही. टाकी झिरपत असली की औषध तिथंच उतरतं.

पण ठाण्यातल्या रायटरनं पंचनामा आधीच लिहून ठेवला होता. खाली पंचांचं मत म्हणून एक वाक्य होतं: ‘मयताने कोणतेतरी विषारी औषध प्राशन केल्याने त्याचा मृत्यू झाला असावा, तरी खरे कारण वैद्यकीय अहवालावरून निश्चित व्हावे.’ हे माझं मत होतं. मी ते पहिल्यांदाच वाचत होतो. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. केली सही.

प्राशन. हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, इथं वर्षानुवर्षं तोच चालत आलाय. पण त्यानं काय होतं ते मला नंतर झेरॉक्स मारता मारता कळलं. त्याची बायको यायची. घरच्या सातबाऱ्यावर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख. बँकेत वर्षाला वीस रुपये कापून घेणाऱ्या सुरक्षा विम्याचे दोन लाख. दोन्हीकडे अपघात पाहिजे, आत्महत्या चालत नाही. आणि दोन्हीकडे कागद तेच: मर्गची नोंद, पंचनामा, पीएम रिपोर्ट. पीएम रिपोर्टमध्ये मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, कारण राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला.

ती त्याला विसरा म्हणायची. “भाऊ, विसऱ्याचा कागद आला का जी?” मी काही दवाखान्याचा माणूस नाही, पण तिला वाटायचं कागद माझ्याच दुकानातून निघतात. विसरा. मला दर वेळी चमकल्यासारखं व्हायचं.

व्हिसेरा म्हणजे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड असं सगळं, बरणीत, मिठाच्या दाट पाण्यात. ते विभागाच्या प्रयोगशाळेत जातं आणि तिथं आधीच्या बरण्यांमागे रांगेत बसतं. या बाईचा रिपोर्ट चौदा महिन्यांनी आला. त्यात होतं, सेंद्रिय फॉस्फरस वर्गातलं कीटकनाशक आढळले. बस्. आता सांगा, यातून काय कळलं? विष होतं हे तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते तोंडातून गेलं की पाठीतून, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकट्या बरणीत मिळत नाही. पंप कुणाचा होता, झिरपत होता का, मालकानं हातमोजे दिले होते का, वारा कुठून होता, दोन औषधं एकत्र केली होती का, हे शेतात जाऊन विचारावं लागतं. त्याच दिवशी. माझ्या माहितीत कुणी गेलं नाही. कारण जाणं हे कुणाच्या कामात बसतच नाही.

पोलिसांना नुसत्या शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यांचा प्रश्न एकच, घातपात आहे का? असेल तर गुन्हा, नसेल तर फाइल बंद करण्यासाठी तहसील किंवा प्रांताकडे. या पंचनाम्याचा हेतू मर्यादित आहे, मरण कशानं आलं एवढंच वरवर बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयानंही १९७५ च्या पेद्दा नारायण खटल्यात म्हटलंय. म्हणजे घातपात नसलेलं मरण आपल्या व्यवस्थेला निरुपयोगी आहे. त्यातून काही शिकायचं असतं, पुढचा माणूस वाचवायचा असतो, हे कुठल्याच रकान्यात नाही.

२०१७ आठवतं ना? आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात त्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. मग बातम्या, मग विशेष तपास पथक. पण ती माणसं काही एका दिवशी गेली नाहीत. आठवड्यामागून आठवडे, एकेक करून गेली. प्रत्येकाचा मर्ग वेगळा, ठाणं वेगळं, पंच वेगळे. हे सगळे कागद एका टेबलावर ठेवून ‘अरे, हे काय चाललंय?’ असं विचारायचं ज्याचं काम आहे, असा माणूस जिल्ह्यात नव्हता. आजही नाही.

असा माणूस असू शकतो. मुंबईत होता, त्याला कॉरोनर म्हणत. १८७१ चा कायदा होता, पुढं उरला तो फक्त मुंबई आणि कलकत्ता शहरांपुरता. संशयास्पद मरण आलं की कॉरोनर साक्षी घ्यायचा, पंचमंडळ बसवायचा, आणि तो पोलिसांचा माणूस नव्हता. १९९९ साली महाराष्ट्रानं ते पद मोडीत काढलं. ते फार भारी होतं असं मी म्हणत नाही. एका शहरापुरतं होतं, उरलेल्या महाराष्ट्राला तेव्हाही हवालदार आणि झेरॉक्सवालाच होता. मुंबईतले जुने लोक तर सांगतात की प्रेत ताब्यात मिळायला एक हेलपाटा जास्त पडायचा. पण घर गळतं म्हणून छप्परच काढून टाकलं, आणि नवं घातलं नाही, असं झालं ते.

ज्यांच्याकडून आपण हे पद घेतलं त्या इंग्लंडात ते ११९४ पासून आहे. सुरुवातीला राजाच्या महसुलासाठी! मेलेल्याची मालमत्ता, दंड, यात राजाचा वाटा बुडू नये म्हणून. पण त्यांनी ते बदलत नेलं. आजचा त्यांचा कायदा २००९ चा. त्यात कॉरोनरनं चार गोष्टी शोधायच्या: कोण मेलं, कधी, कुठे, कसं. कुणाला दोषी ठरवायचं नाही, ते कोर्टाचं काम. पण पुढंही अशी मरणं होतील असं त्याला चौकशीत दिसलं, तर ज्याच्या हातात उपाय आहे त्याला, मग ते मंत्रालय असो की कंपनी, त्यानं लेखी कळवायचं. त्यांनी ५६ दिवसांत उत्तर द्यायचं. आणि हे सहसा जाहीर होतं, कुणालाही वाचता येतं.

रॉचडेल नावाच्या गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा वारला, अवाब इशाक. घराला ओल, भिंतींना बुरशी. बापानं तक्रारी केल्या होत्या. आपल्याकडे या मरणाचं काय झालं असतं? श्वसनाचा आजार, नैसर्गिक मृत्यू, मर्गसुद्धा झाला नसता. तिथं कॉरोनरनं नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की पोर बुरशीनं गेलं. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा केला की सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांनी अशी ओल ठराविक मुदतीत दुरुस्त करायचीच. लोक त्याला अवाबचा कायदा म्हणतात. त्यांच्याकडेही चौकशा वर्ष-वर्ष रखडतात, तो स्वर्ग नाही. पण एका पोराच्या मरणातून भिंतींपर्यंत जाणारी वाट तरी आहे.

आपल्याकडे पोलिसांच्या बाहेरचा माणूस विचारतो तो फक्त काही मरणांत. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि बाईनं आत्महत्या केली किंवा तिच्या मरणात संशय आला तर दंडाधिकारी. कोठडीत मरण आलं तर, २००६ पासून, न्यायदंडाधिकारी. आणि फरक पडतो हो! परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांकडे बोट दाखवलं आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्यासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही आहेच.

माझी मागणी फार मोठी नाही. इंग्रजांचं नाव नको असेल तर मराठी नाव द्या, पण जिल्ह्याला एक माणूस नेमा. पोलीस खात्याचा नको आणि दवाखान्याचाही नको, कारण दवाखान्यातल्या मरणांचंही त्यालाच विचारायचंय. महिन्याचे सगळे मर्ग त्याच्या टेबलावर यावेत. एकाच विहिरीत तिसरा माणूस बुडाला, एकाच डीपीवर दुसरा वायरमन चिकटला, तर त्यानं पत्र लिहावं आणि ते पत्र भिंतीवर लागावं. आमचे वकील मित्र म्हणतात, आधी रिकाम्या जागा भरू द्या, मग नवीन पद काढा. बरोबर आहे त्यांचं. पण रिकामी जागा निदान मोजता येते. इथं जागाच नाही.

ती बाई शेवटची आली ते मागच्या दिवाळीच्या आधी. विम्यावाल्यांनी पंचनाम्यातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवून अर्ज परत केला होता. तिला वाचता येत नाही. तिनं कागद पुढे केला आणि विचारलं, “यात काय लिवलं जी? सही कोनाची हाय?”

मी तिला सांगितलं, माझी आहे. ती काही बोलली नाही. झेरॉक्सचे सहा रुपये काउंटरवर ठेवून गेली, मी नको म्हणालो तरी.

परवा पुन्हा हवालदार आला. नवीन पोरगा आहे, बरा आहे. ओट्यावर पंचविशीचा मुलगा होता. पंचनामा लिहून तयार, प्राशनासकट. मी म्हटलं, पालथा करा. केला. मी पेन घेतला आणि पंचांच्या मताखाली जी दोन बोटं जागा होती तिथं लिहिलं: ‘मयताच्या दोन्ही खांद्यांवर व पाठीवर फवारणी पंपाच्या पट्ट्यांचे व्रण दिसतात. कमरेवर कातडी सोललेली आहे. औषध प्राशन केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.’

“हे कशाले, भाऊ?” पोरगा म्हणाला. “सायेब पुन्हा लिवाले लावतील.”

म्हटलं, लिहू. कागद माझ्या दुकानात आहे.