मंदी कोणाची, हे पानठेल्यावर ठरते काय?

मंदी कोणामुळं आली, ह्यावर आमच्या गावात रोज संध्याकाळी दोन पार्ट्या भांडतात, अन् दोघायलेही सारंच माहीत असते! एक म्हणते २००८ ची मनमोहन सिंगांनी आणली, २०२० ची कोरोनानं. दुसरा म्हणते २००८ ची अमेरिकेच्या बँकांनी, २०२० ची मोदीनं. म्हणजे आपला नेता खुर्चीत असला का संकट बाहेरून येते, दुसऱ्याचा असला का त्याच्या खिशातून निघते. काहून बे? (२००८ मध्ये तर देशाचा जीडीपी घटलाच नव्हता, नुसती वाढ मंदावली होती. पण सांगता कोणाले!)

१९७९-८० काढा ना. जीडीपी ५ टक्क्यांच्या वर घसरला. त्या एका सालात मोरारजी देसाई, मंग चरण सिंग, मंग इंदिरा गांधी. घाला आता कोणाच्या गळ्यात घालता ते! दुष्काळ होता, तेल महागलं होतं, पण पावसाले शिव्या देऊन मतं पडत नाहीत ना. १९९१ मध्ये परकी चलन आटलं म्हणून देशाचं सोनं बाहेर विकलं, गहाण टाकलं, ते कोणाचं पाप? मे महिन्यात चंद्रशेखरायच्या सरकारात २० टन गेलं, जुलैत नरसिंह रावायच्या सरकारात ४७ टन. अन् उसनवारी त्याच्याही कितीतरी आधीपासूनची.

नेते धुतल्या तांदळाचे हायेत, असं नाही म्हणून राहिलो मी. ज्यानं जो निर्णय घेतला, त्याचा जाब त्यालेच विचारा. नोटाबंदी काही आभाळातून पडली नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६, ऐन कापूस वेचणीत! २००८ ची कर्जमाफी पाच एकराच्या आतल्यायले पुरी, अन् आमच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या आठ एकरवाल्याले म्हणे आधी ७५ टक्के भर, मंग २५ टक्के सूट. अबे, त्याच्याकडे ७५ टक्के असते तर तो थकला असता काय? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आमचा कापूस घरात यायच्या तोंडावर. अन् एप्रिल-जून २०२० मध्ये जीडीपी २३.९ टक्क्यांनं पडला म्हणून बोंब उठली, तेव्हा एकटी शेती ३.४ टक्क्यांनं वर होती. ह्यावर भांडा ना लेकहो!

हे बोललो का दोन्हीकडचे मलेच विचारतात, "तू कोणाचा माणूस हायेस?"

सोसायटीचा थकबाकीदार हाय म्हणा!