सेरियस कुजल्याच्या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. जूनमध्ये नेलेले दोन उभे सेरियस (खांबासारखे वाढणारे निवडुंग), एक अंगणात जमिनीत लावला एक गॅलरीत कुंडीत, आमच्या पुडीतलं खत दोघांनाही दर पंधरा दिवसांनी एक चमचा टाकलं, आणि पोळ्याच्या सुमारास अंगणातला बुडाशी मऊ पडून कुजला, कुंडीतल्याचा शेंडा बारीक अन् फिका झाला. तुम्ही लिहिलं की खताने झाड मारलं.

चूक आमची आहे. पोराने १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताची) पुडी हातात दिली आणि झाड कुठे लावणार हे विचारलंच नाही, ते मी स्वतः विचारायला पाहिजे होतं.

अंगणातल्या झाडाला खरं तर खताची गरजच नव्हती. आपल्या नागपूरची काळी माती पाणी धरून बसते, पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही, त्यात नत्र पडलं की खोड भराभर वाढतं पण आतून लुसलुशीत राहतं आणि बुरशी आधी तिथेच शिरते. जमिनीत लावायचं तर मातीचा फूटभर उंच ढीग करायचा, त्यात निम्म्याहून जास्त कन्हान नदीची जाड रेती अन् विटांचा चुरा, आणि वर्षातून एकदा पाऊस लागायच्या आधी दोन मुठी जुनं गांडूळखत, बस झालं.

कुंडीचं उलटं आहे. तिथे दर पाण्यासोबत खत खालच्या भोकातून वाहून जातं म्हणून थोडं थोडं द्यावं लागतं, पण चमचाभर नाही, लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही माती आधी साध्या पाण्याने ओली करून, कोरड्या मातीत दिलं की मुळं जळतात. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) आणि डिसेंबर-जानेवारीत अजिबात नको. बोअरचं पाणी घालत असाल तर मातीवर पांढरा थर येतो, तेव्हा खत थांबवून पावसाचं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा. शेंडा बारीक झाला तो मात्र मुख्यतः सावलीमुळे, गॅलरीत ऊन कमी आणि खत जास्त. हळूहळू उन्हात सरकवा, एकदम नको नाहीतर करपेल. बारीक झालेला भाग पुन्हा पहिल्यासारखा जाड होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, वरची नवी वाढ जाड येईल.

आणि अंगणातला अजून फेकला नसेल तर फेकू नका!! धारदार सुरीने कुजक्याच्या बरंच वर कापा, आतला गर स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत, तांबूस ठिपका दिसला तर अजून वर, दर वेळी सुरी स्पिरिटने पुसून. मग वरचा चांगला तुकडा सावलीत दोन-तीन आठवडे उभा ठेवा, कापलेली जागा कडक झाली की कोरड्या रेतीत लावा, मुळं फुटेपर्यंत खत नाही.

जमत नसेल तर इकडे घेऊन या, मी लावून देतो, नाही जगला तर दुसरा सेरियस देईन, पैसे नको. रविवारी सकाळी दुकानात मीच असतो. आणताना जुन्या चादरीत गुंडाळून आणा, काटे लागतात.